ज्याचं त्यानं उचलायचं

रविवारची जेवणं उरकली. भांडी घासून पालथी घातली गेली. मग माईंनी हात पुसता पुसता, भिंतीकडे बघत विचारलं,

"पिशवी कोण सांभाळणार?"

तू जाणार का, असं त्यांनी विचारलं नाही. ते महिन्याभरात तीनदा विचारून झालं होतं आणि तिन्ही वेळा थोरल्या सुनेनं खालच्या आवाजात तेच सांगितलं होतं, "जाणार, माई." थोरलीचा आवाज कधी चढत नसे. पहाटेची प्रार्थना झाल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे, आणि एकदा बोललेलं सहसा फिरवत नसे. घरातले लोक तिच्या मऊपणावर विसंबून होते. त्या मऊपणाखाली काय आहे, ते पाहायची वेळच कुणावर आली नव्हती.

एका जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. अकराशे ग्रंथ भिजले, पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली. ती सोडवून, सुकवून, नव्यानं बांधायला चार महिन्यांसाठी माणूस हवा होता. ग्रंथालयानं थोरलीला बोलावलं होतं. राहायला खोली मिळणार होती. सोमवारी सकाळी दहाला हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते. बस आज साडेपाचला होती, आणि आता दीड वाजला होता.

"मी विचारतेय, पिशवी कोण सांभाळणार?" माई पुन्हा म्हणाल्या.

"खाली चला," थोरली म्हणाली. "टेबलावर बघू."

खाली म्हणजे घराचा बाइंडिंगचा कारखाना. सुट्टीमुळे दाबयंत्र गप्प होतं, चिकटवायच्या खळीच्या पातेल्यावर झाकण होतं आणि पुठ्ठ्याचे गठ्ठे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांना एकदम बसता येईल असं टेबल घरात तेवढं एकच. सासरे असताना वाटण्या, लग्नं, भांडणं सगळं याच टेबलावर मिटलेलं.

थोरलीनं पिशवी आणून मधोमध ठेवली. वह्यांना लावतात त्या तांबड्या जाड कापडाची, वर चेन असलेली. माईंनी ती शिवली होती आणि बत्तीस वर्षं वापरली. मग थोरली घरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिच्या हाती दिली. तेव्हापासून चोवीस वर्षं ती थोरलीकडे होती. घरातलं कुणीही परगावी निघालं, लग्नाला, दवाखान्यात, मुलाखतीला, मयताला, की पिशवी बरोबर जायची. आणि पिशवी जिच्याकडे ती पिशवीबरोबर जायची. पद्धतच होती तशी. घरी असतानाही सगळ्यांची रोजची औषधं तिच्यातूनच निघायची. थोरलीनं चोवीस वर्षांत पुष्कळ गावं पाहिली होती. एकटीनं एकही नाही.

"आता हिच्याकडे," माई म्हणाल्या आणि धाकट्या सुनेकडे बघितलं.

धाकटीला हे येणार हे जेवताना पहिल्या घासालाच कळलं होतं. सकाळी तिनं नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर लोक काचेच्या भोकातून हात घालून काही ना काही मागायचे. घरी येऊन पुन्हा तेच करायची तिची तयारी नव्हती.

"मला नको, माई."

"नको म्हणजे? नको म्हणायची वस्तू आहे का ती?"

"एका खांद्यावर ऑफिसची बॅग असते. दुसऱ्या खांद्यावर तुमचा मुलगा असतो. तिसरा खांदा मी आणू कुठून?"

"मी काय लोंबकळतो का?" मास्तर म्हणाले. धाकटे चिरंजीव शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ होत्या, स्वतःचा मोजा मात्र सापडत नसे.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय."

"बघा. बोललो तरी पंचाईत."

"ताईंनी चोवीस वर्षं केलं ना?" माईंनी धाकटीला विचारलं.

"केलं म्हणून तर आज निघाल्यात," धाकटी पटकन बोलून गेली आणि तिनं थोरलीकडे चोरून बघितलं. थोरली रागावली नव्हती. तिनं फक्त पिशवीची चेन उघडली.

"अगं, आता उघडतेस कशाला?" थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं. त्याला सगळे बाइंडर म्हणत, आणि तो आतापर्यंत दोन्हीकडे मान हलवत बसला होता.

थोरलीनं पिशवी उलटी केली.

बापरे, केवढं सामान! सेफ्टी पिनांचा झुपका, केसांच्या पिना, रबरं, सुईदोरा, बटणं, नेलकटर, चिमटा, कात्री, कापूस, चिकटपट्ट्या, दोन मलमं, पोटाचं औषध, गोळ्यांच्या सहा पट्ट्या, डोळ्यांत घालायच्या दोन बाटल्या, मास्तरांचा दम्याचा पंप, माईंचं भिंग, कवळी बुडवायच्या वड्या, टॉर्च, शिट्टी, दात कोरायच्या काड्या, बुटांची नाडी, कपाटाची जास्तीची किल्ली, कागदात गुंडाळलेली दोन पॅड.

"शिट्टी कुणाची?" अक्कांनी विचारलं. अक्का म्हणजे बाइंडरच्या थोरल्या बहीण. पंचवीस वर्षं बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आजच्या बैठकीला माईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण अक्का म्हणतील ते भाऊ ऐकायचे.

"बाबांची," थोरली म्हणाली. "गर्दीत चुकले तर वाजवायची म्हणून."

"बाबा जाऊन नऊ वर्षं झाली गं!"

"काढायला कुणी सांगितलं नाही."

अक्कांनी शिट्टी उचलली, पदार्थ चाखून बघावा तशी हलकेच फुंकली. आवाज निघाला. माईंनी मान फिरवली.

"मी आता कुणालाच पिशवी देत नाहीये," थोरली म्हणाली. "ज्याचं त्यानं उचलायचं. बस साडेपाचला आहे. पाचपर्यंत मी इथे बसलेय. कुठली वस्तू कशाची, कधी घ्यायची, कितीदा, सगळं विचारा. दहादा विचारा. मी सांगेन. पण उचलायचं तुम्ही."

कुणाचाच हात पुढे आला नाही. 

बाइंडरला मग काहीतरी करावंसं वाटलं. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. खरं तर त्याच्या मनावर जुनाच एक दगड होता. ग्रंथालयातली बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं एक दुरुस्त केलेली जुनी नोंदवही हातात घेऊन, पानाची कड नखानं चाचपून विचारलं होतं, "हे कुणाच्या हातचं?" आणि तो म्हणाला होता, "आमच्याकडचंच." आमच्याकडचंच! त्याच्या बोटांना तेवढा धीर नव्हता, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. चिकटलेलं पान तो सोडवायला गेला की फाटायचं. थोरली तेच पान वाफेवर धरून, पुटपुटत, अर्धा अर्धा तास बसायची आणि पान आपण होऊन सुटायचं. बाई पुन्हा आली, तेव्हा थोरली खळ ढवळत होती. तिनंच शांतपणे सांगितलं, "ते मी केलंय." त्यावर तो काही बोलला नव्हता. आजपर्यंत नाही.

"हे घे, मी सुरुवात करतो," तो म्हणाला. "जेवणानंतरची माझी बीपीची गोळी. रोजची आहे, त्यात काय."

त्यानं सहा पट्ट्यांवरून हात फिरवला, एक उचलली, टचकन गोळी तळहातावर काढली आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला उचलला.

"ती माईंची आहे," थोरली म्हणाली. "थायरॉइडची."

पेला तिथेच थांबला.

"तुमची शेजारची. गुलाबी."

"माझी गुलाबी आहे?"

"अकरा वर्षं."

धाकटी आधी हसली. मग मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. ते पंप शोधायला लागले तर तो त्यांच्या समोरच होता आणि तरी सापडेना. बाइंडर मात्र तळहातावरच्या पांढऱ्या गोळीकडे बघत होता. अकरा वर्षं तो हात पुढे करून "गोळी" म्हणायचा आणि गोळी हातावर यायची. डोळे वर्तमानपत्रात असायचे.

"बघितलंस?" माई आणि अक्का एकदमच म्हणाल्या.

दोघी थांबल्या.

"म्हणूनच सांगतेय," माई म्हणाल्या. "ही गेली तर आठ दिवसांत इथे कुणीतरी आडवं पडेल."

"आणि मी म्हणतेय, म्हणूनच तिनं जायला हवं," अक्का म्हणाल्या. "आई, साठीला आलेला हा बाप्या, त्याला स्वतःच्या गोळीचा रंग माहीत नाही! उद्या ही आजारी पडली तर? मग काय, सगळ्यांनी मिळून शिट्टी वाजवायची?"

"मी तुला बोलावलं कशासाठी आणि तू बोलतेस काय!"

"मी खिडकीत काय बघितलं सांगू? बाई यायची, काखेत दोन पिशव्या, हाताला दोन पोरं. एक पूर्ण आणि दोन अर्धी द्या म्हणायची. पूर्ण कुणाचं, तर नवऱ्याचं. मी म्हणायची, बाई, आणि तुमचं? तेव्हा जीभ चावायची. आठवड्यातून एखादी तरी असायचीच. मला हसू यायचं आधी. नंतर नंतर येईनासं झालं."

आपली माणसं हातातून निसटताहेत हे माईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं.

"गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते विसरलात का सगळे? मला कोण नेणार?"

हे मात्र खरं होतं, आणि थोरलीनं यावर गेल्या महिन्यात कितीतरी पहाटे देवापुढे बसून विचार केला होता. ऑपरेशन लांबवता येतं का, तर डॉक्टर नाही म्हणाले होते. काम पुढे ढकलता येतं का, तर ओला कागद थांबत नाही, बुरशी धरतो. तिनं देवाकडे कौल मागितला नव्हता. जे करायचं ते नीट करायची बुद्धी दे, एवढंच म्हणाली होती.

ती उत्तर द्यायच्या आत धाकटी म्हणाली, "मी नेते."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"गुरुवार, शुक्रवार रजा टाकते. रात्री तिथेच झोपेन. पण पिशवी नाही नेणार. माईंचं माई घेतील, माझं मी घेईन." तिनं हात लांब करून कागदात गुंडाळलेली पॅड उचलली आणि पर्समध्ये टाकली. "ही माझीच होती ना, ताई? तुमची पाळी जाऊन तर दोन वर्षं झाली."

"तुला कधी अवेळी येते म्हणून ठेवायची."

"मला वाटायचं, तुमच्याकडे आपली असतातच," धाकटी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

त्यानंतर टेबल हळूहळू मोकळं व्हायला लागलं. बाइंडरनं गुलाबी पट्टी घेतली आणि मागचं नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर वाचलं. मास्तरांनी विचारलं, "वहिनी, पंप आधी हलवायचा की नंतर?" थोरलीनं दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. त्यांच्या हातून तो आधी उलटा झाला, मग सुलटा. नाडी त्यांचीच निघाली. बटणांवरून दोघा भावांत वाद झाला आणि अक्कांनी तिन्ही बटणं स्वतःच्या खिशात टाकली. "भांडू नका, मी शिवून देणार नाहीये, नुसती ठेवतेय."

पावणेपाच झाले. टेबलावर माईंचं तेवढं राहिलं. थायरॉइडची पट्टी, भिंग, वड्या आणि थेंबांच्या दोन बाटल्या. माई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"माई, तुमचं राहिलं," थोरली म्हणाली.

"राहू दे."

"निघायची वेळ झाली."

"मग नीघ की. मी काय धरून ठेवलंय?"

माईंना राग आला होता, पण थोरलीचा नाही. रिकामी पडलेली पिशवी आपण शिवली होती, हे त्यांना राहून राहून दिसत होतं. सासऱ्यांची कंबर, नणंदेची बाळंतपणं, नवऱ्याचं पित्त, सगळं या पिशवीत मावलं होतं. बत्तीस वर्षं. आणि ती थोरलीकडे देताना सुटल्यासारखं वाटलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देताना म्हणाल्या होत्या, हा मान आहे गं, सांभाळ. मान! त्यांनी मान वर करून थोरलीकडे बघितलं. एका डोळ्यानं ती धुक्यातल्यासारखी दिसत होती.

"यात तुझं काय होतं?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं टेबलाकडे बघितलं, मग पिशवीच्या आत हात घालून कोपरे चाचपले. ती खरंच शोधत होती.

"कंगवा असायचा," ती म्हणाली. "मागे लग्नाला गेलो तेव्हा जागा होईना म्हणून काढून ठेवला. तुमच्या कंगव्यानं विंचरलं मी तेव्हा."

"आणि आता बॅगेत काय भरलंस?"

"कपडे. अवजारं. हाडाची पट्टी, दाभण, मेण."

"ते कामाचं झालं. तुझं?"

थोरलीनं रिकाम्या पिशवीची चेन लावली.

"माझंही असंच," माई म्हणाल्या. पुढे काही न बोलता त्यांनी हात लांब केला आणि दोन्ही बाटल्या उचलल्या. बोटांनी फिरवून बघितल्या. "दोन्ही सारख्याच लागतात. मला दिसत नाही कुठली कुठली."

थोरली उठली. खणातून बाइंडिंगचा मेणाचा दोरा काढला, एका बाटलीच्या गळ्याला घट्ट दोन वेढे दिले, गाठ मारली. दुसरी तशीच ठेवली.

"गाठीची दिवसातून चार वेळा. बिनगाठीची रात्री झोपताना. बोटाला कळेल."

माईंनी अंगठा गाठीवरून फिरवला. "गाठीची चार वेळा," त्या म्हणाल्या. "बिनगाठीची झोपताना." मग दरडावून म्हणाल्या, "बघतेस काय? बस काय तुझ्या मावशीची आहे थांबायला? आणि जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांब. काय हवं ते घे. उपकार म्हणून नाही सांगत, लागेल तुला."

थोरलीनं त्यांना वाकून नमस्कार केला. माईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो बाटलीसकट.

दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?"

"कंगवा. साबण. एक लहान तेलाची बाटली."

"साबण कुठला?"

थोरली फळीवरच्या साबणांकडे बघू लागली. घरात माईंना लागतो तो यायचा, मास्तरांच्या अंगाला खाज सुटते म्हणून दुसरा एक यायचा. तिनं दोन्ही वापरले होते.

"दाखवा ना," ती म्हणाली. दुकानदारानं चार वड्या पुढे मांडल्या. तिनं पहिली नाकाशी नेली, खाली ठेवली. दुसरी.

"अगं, सव्वापाच झाले," बाइंडर बॅग घेऊन पायरीवर उभा होता. "कुठलाही घे. साबण तो साबण."

"थांबा," थोरली म्हणाली.

तो थांबला. तिनं चारही वास घेतले, मग पुन्हा तिसरा घेतला. फार वेळ लागला नाही, पण जेवढा लागला तेवढा तिनं लावला. "हा," ती म्हणाली.

स्थानकावर बस लागलेली होती. बाइंडरनं बॅग दोन्ही हातांनी उचलून वरच्या फळीवर सरकवली. खाली उतरला तेव्हा त्याला धाप लागली होती. ती दारात उभी होती. त्यानं घाम पुसायला चष्मा काढला आणि न बघताच तिच्याकडे धरला.

"ग्रंथालयातल्या बाईला सांग," तो रुमाल शोधत म्हणाला, "त्या नोंदवहीचं. मी तेव्हा नीट सांगितलं नव्हतं."

"तुम्हीच फोन करून सांगा."

"मी?"

"नंबर दिनदर्शिकेवर लिहिलाय. तुमच्या हातानं लिहिलेला आहे, सापडेल."

चष्मा तसाच पुढे होता. तिचे दोन्ही हात तिकिटावर होते. तिनं ते हलवले नाहीत. बाइंडरनं चेहरा पुसला, डोळे उघडले, आणि चष्मा कुणी घेतलेला नाही हे त्याला दिसलं. मग त्यानं चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला.

"करतो फोन," तो म्हणाला. "उद्याच करतो. जा, खिडकीपाशी बस."

ती खिडकीपाशी बसली. बस हलली. स्थानकाच्या फाटकातून वळेपर्यंत बाइंडर तिला दिसत होता. एक हात वर केलेला. दुसऱ्या हातानं तो दोनदा खिसा चाचपताना दिसला. दोन्ही वेळा चष्मा तिथेच होता.